चार इंजिने आणि एक डोंगर

नेरळहून माथेरानला जाणारा लोहमार्ग जेमतेम २१ किलोमीटर लांबीचा आहे. तेवढ्यात गाडी सुमारे ४० मीटर उंचीवरून थेट ८०० मीटरपर्यंत चढते. ताशी २० किलोमीटरच्या पुढे जायची तिला मुभा नाही, आणि वळणांवर तेवढाही वेग मिळत नाही. २२ मार्च १९०७ रोजी हा मार्ग वाहतुकीला खुला झाला. तेव्हापासून १९८०च्या दशकाच्या आरंभापर्यंत वाफेच्या चार लहान इंजिनांनी या डोंगराची सेवा केली. पहिली जवळजवळ पन्नास वर्षे हे काम त्यांनी एकट्याने केले, पुढे डिझेल इंजिनांच्या जोडीने.

माथेरानच्या गाडीबद्दल मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. त्यातले बहुतेक लेखन खिडकीतून दिसणाऱ्या दऱ्यांचे, माकडांचे आणि चिक्कीचे आहे. इंजिन चालवणाऱ्या, त्यात कोळसा टाकणाऱ्या आणि डब्यांचे ब्रेक आवळणाऱ्या माणसांच्या वाट्याला फार थोडे शब्द आले. वाफेची शेवटची गाडी आठवायची, तर ती धुरामुळे किंवा शिट्टीमुळे नव्हे, या माणसांच्या कामामुळे आठवायला हवी. त्या इंजिनाचा प्रत्येक भाग आणि त्यावरच्या माणसाची प्रत्येक सवय या एका डोंगरासाठी घडली होती.

डोंगर आधीपासून होताच. ठाकर, कातकरी आणि धनगर त्यावर राहत होते. ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट मे १८५०मध्ये वर गेला आणि इंग्रजांना थंड हवेचे आणखी एक ठिकाण मिळाले. पुढे बंगले उभे राहिले, वाटा आखल्या गेल्या, मुंबईचे पारशी, बोहरी आणि गुजराती धनिक उन्हाळ्यात येऊ लागले. मात्र नेरळ स्टेशनात उतरल्यावर खरी परीक्षा सुरू होई. पुढचा चढ तट्टावर, डोलीत नाहीतर पायी करावा लागे. सामान हमालांच्या डोक्यावरून येई.

सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले बडे उद्योगपती. माथेरानला त्यांचे जाणे-येणे असे. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी डोंगरावर लोहमार्ग नेण्याचा ध्यास घेतला आणि वडिलांनी पैसा उभा केला. १९०४ साली काम सुरू झाले आणि एकंदर खर्च सोळा लाख रुपयांच्या घरात गेला. सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, म्हणजे आपल्या ‘बार्शी लाईट’चे जनक. कुर्डुवाडी-बार्शीच्या सपाटीवर त्यांनी अडीच फुटी अरुंद रुळांवरून भरपूर माल वाहून दाखवला होता. माथेरानसाठी त्याहूनही अरुंद, दोन फुटी गेज ठरले. रूळ जितके जवळ, तितके वळण आवळता येते, आणि या डोंगरात वळणांवाचून गत्यंतरच नव्हते.

मार्गाची आखणी आजही थक्क करते. चढ आहे वीसास एक, म्हणजे गाडी वीस फूट पुढे गेली की एक फूट वर गेलेली असते. बोरघाटातला सर्वांत कडक चढ सदतिसास एक आहे, आणि तिथे जड गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात. बोरघाटात पूर्वी उलटफेरीचे स्टेशनही होते. गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि उलट दिशेने पुढचा प्रवास व्हायचा. माथेरानच्या वाटेवर माउंट बॅरीच्या चढाला अशीच अडचण आली. तिथे उलटफेर टाळण्यासाठी घोड्याच्या नालेच्या आकाराचा मोठा भराव घालून मार्ग वळवला आहे. त्यानंतर लागतो या मार्गावरचा एकुलता एक बोगदा. तो इतका आखूड की त्याला ‘वन किस टनेल’ असे नाव पडले. पुढे पॅनोरमा पॉइंटच्या खालून नागमोडी वळणे घेत, खडक फोडून काढलेल्या वाटेने गाडी माथ्यावर येते.

इतका चढ असला की अभियंते सहसा दोन रुळांच्या मध्ये दात्यांची पट्टी बसवतात आणि इंजिनाचे दंतचक्र त्या दात्यांत अडकवतात. निलगिरीच्या गाडीला तशी सोय आहे. माथेरानला ती नाही. गुळगुळीत पोलादी रुळावर गुळगुळीत पोलादी चाक, आणि दोहोंमधले घर्षण एवढ्याच भांडवलावर ही गाडी चढते. चाकांची पकड इंजिनाच्या वजनातून येते. म्हणून पाणी आणि कोळसा वेगळ्या डब्यात न ठेवता इंजिनावरच घेतलेले होते, आणि सहाच्या सहा चाकांना यंत्राचा जोर दिलेला होता. बिनजोराचे एकही चाक त्या इंजिनाला नव्हते.

बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने ही चार इंजिने पुरवली. त्यांच्यापुढचा प्रश्न विचित्र होता. पकडीसाठी सहाही चाके एकमेकांना दांड्यांनी जखडायला हवीत, आणि जखडलेली चाके आवळ वळणावर वळत नाहीत, रुळाला घासतात किंवा रूळ सोडतात. त्यावरचा उपाय सॅक्सनीच्या सरकारी रेल्वेतल्या क्लीन आणि लिंडनर या दोघांनी शोधला होता. त्यांचा आस या इंजिनांत पुढे आणि मागे बसवला होता.

हा आस जवळून पाहण्यासारखा आहे. नेहमीच्या इंजिनात चाके आसावर घट्ट ठोकलेली असतात. इथे आस दोन होते, एकात एक. आतला भरीव आस इंजिनाच्या सांगाड्यात सरळ बसलेला, त्याच्या टोकांना बाहेरून दांड्या जोडलेल्या. त्याच्यावरून एक पोकळ नळा घातलेला, आणि चाके त्या नळ्यावर बसवलेली. मनगटातल्या सैल कड्यासारखा हा नळा आतल्या आसाभोवती थोडा तिरपा होऊ शके आणि बाजूलाही सरके. मात्र तो मोकळा फिरत नसे. आतल्या आसाच्या मधोमध गोल फुगीर भाग होता आणि त्यातून आरपार जाणारी खीळ नळ्यालाही सोबत फिरवी. त्यामुळे दांड्या सरळ रेषेत चालत राहत, चाकांना पूर्ण जोर मिळे आणि तरीही पुढची-मागची चाके वळणाच्या अंगाने वळत. वळण संपले की स्प्रिंगा नळ्याला पुन्हा जागेवर आणत.

या इंजिनाचा दिवस गाडी सुटण्याच्या कितीतरी आधी सुरू होई. नेरळच्या शेडमध्ये थंड पडलेल्या बॉयलरला वाफ धरायला काही तास लागत. एकदम जाळ घातला तर पोलाद असमान तापते आणि सांधे सुटतात, म्हणून आग हळूहळू वाढवावी लागे. आदल्या दिवशीची राख काढणे, जाळी मोकळी करणे, धुराच्या नळ्या झाडणे, प्रत्येक सांध्यात तेल घालणे ही सगळी कामे हातांनी व्हायची. त्या पोकळ आसांना धूळ आणि कोरडेपणा चालत नसे. ते सुकले तर वळणावर अडून बसत, म्हणून तेलाच्या बाबतीत कुचराई खपत नसे.

चढ लागला की खरी कसोटी फायरमनची. तो फावड्याने कोळसा टाकी तो नुसता ढीग करण्यासाठी नव्हे. आगीचा थर सगळीकडे सारखा ठेवावा लागे. एका कोपऱ्यात भोक पडले तर तिथून थंड हवा घुसते आणि वाफ उतरते, थर फार जाड झाला तर आग गुदमरते. नजर मात्र काचेच्या नळीवर. बॉयलरमध्ये पाणी किती आहे हे त्या उभ्या नळीत दिसते, आणि सपाटीवर ती खरे सांगते. वीसास एकच्या चढावर अख्खा बॉयलरच कलतो. पाणी एका टोकाला जमा होते, दुसरे टोक उघडे पडू लागते आणि नळीत दिसणारी पातळी फसवी ठरते. आगीच्या पेटीचे छत कायम पाण्याखाली राहिले पाहिजे. ते उघडे पडून लालबुंद झाले तर बॉयलर फुटू शकतो. त्या छतात मऊ धातूचा ‘लेड प्लग’ बसवलेला असतो. पाणी कमी झाले की तो वितळतो आणि वाफ आगीवर सोडून इशारा देतो. प्लग वितळणे ही फायरमनच्या दृष्टीने मोठी नामुष्की. चढावर नळीतले कितवे बोट म्हणजे बॉयलरात खरे किती पाणी, पुढचे वळण सरळ झाल्यावर ते किती दिसेल, हा हिशेब कुठल्या पुस्तकात नव्हता. तो या मार्गावर काम करून करूनच अंगी येई.

चढावर पाणी फार लागते आणि अंगावरच्या टाक्या छोट्या. म्हणून वाटेत पाणी घेण्याची सोय होती आणि त्या जागेचे नावच पडले ‘वॉटर पाईप’. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज, माथेरान हा स्टेशनांचा क्रम आजही तोच आहे. जुम्मापट्टीला चढणारी आणि उतरणारी गाडी एकमेकींना वाट देत. वॉटर पाईपला इंजिन पाणी पिई तेवढ्या वेळात उतारू पाय मोकळे करत. आज तिथे थांबणाऱ्या गाडीच्या इंजिनाला पाण्याची गरज नाही. वाफेच्या गरजेतून जन्मलेले हे स्टेशन वाफ गेल्यावरही आपल्या नावानिशी टिकून आहे.

हिवाळ्याच्या सकाळी रुळावर दव असे. सावलीतल्या वळणांवर ओला पाचोळा चाकाखाली येऊन चेंदला की रूळ बुळबुळीत होई. मग चाक जागच्या जागी गरगरा फिरू लागे. अशा वेळी ड्रायव्हरने झटकन वाफ कमी करायची, रुळावर वाळू सोडायची आणि पुन्हा हलक्या हाताने वाफ द्यायची. जोर जास्त झाला तर चाक पुन्हा सुटे, कमी झाला तर गाडी चढावर उभी राही. उभी राहिलेली गाडी वीसास एकच्या चढावर पुन्हा हलवणे हे कसबी हाताचेच काम.

उतार त्याहून अवघड होता. खाली येताना इंजिनाला ओढायचे काहीच नसे, सगळा भर रोखण्यावर. या गाडीच्या डब्यांना हाताने आवळायचे ब्रेक होते आणि त्यासाठी डब्यांवर ब्रेक्समन नेमलेले असत. डब्याच्या टोकाशी उभे राहून ते ड्रायव्हरच्या शिट्टीकडे कान लावत. शिट्टीच्या इशाऱ्यावर ब्रेक आवळायचा, इशाऱ्यावर सैल करायचा. एकाने जास्त आवळला तर त्याच्या डब्याची चाके घसरत घासली जात, एकाने कमी आवळला तर त्याचा भार पुढच्यावर येई. सगळ्यांनी मिळून एका अंदाजाने ब्रेक धरावा लागे, आणि तोही समोरचे वळण न दिसता. प्रवासी दरी पाहत असत तेव्हा हे लोक त्या दरीच्या कडेला उभे राहून तासन्‌तास हाताचा जोर लावत असत. माझ्या मते या मार्गाची खरी सुरक्षा त्यांच्या मनगटांत होती.

सत्तरच्या दशकात मे महिन्याच्या सुट्टीत मामांबरोबर या गाडीने गेल्याचे मला आठवते. “डोकं आत घे, डोळ्यात कोळसा जाईल,” असे मामा सांगत होते आणि मी ऐकले नाही. कोळशाचा बारीक कण डोळ्यात गेला. मामींनी पदराचे टोक ओले करून तो काढला. त्यानंतर मी बाहेर पाहायचे सोडून डब्याच्या टोकाला उभ्या असलेल्या ब्रेक्समनकडे पाहत बसलो. चढावर त्याला काम कमी होते, तरी हात चाकावरून हलला नाही. गाडी मागे सरकली तर पहिला आवळा त्यालाच द्यायचा होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे गाडीचे महत्त्व आणखी मोठे होते. भाजीपाला, किराणा, टपाल, पाहुणे आणि पाहुण्यांच्या वळकट्या यांतला मोठा भाग याच रुळांवरून वर येई. बाजारपेठेच्या अगदी मध्याशी स्टेशन. गाडी आली की हमाल, घोडेवाले, हातरिक्षावाले आणि हॉटेलांची माणसे एकदम गोळा होत. पावसाळ्यात नेरळकडचा मार्ग बंद राही, कारण डोंगरातले पाणी भराव वाहून नेते आणि दरडी रुळांवर येतात. दरवर्षी पाऊस ओसरला की रूळ पुन्हा तपासून, भरून, सरळ करून घ्यावे लागत. गँगमनांची ती मेहनत या मार्गाच्या आयुष्यात कधी थांबलेली नाही.

१९५०च्या दशकाच्या मध्यास पश्चिम जर्मनीच्या युंग कंपनीची डिझेल इंजिने माथेरानला आली. त्यानंतरची पंचवीस-एक वर्षे दोन्ही युगे एकाच रुळावर नांदली. डिझेलच्या बाजूने बोलणारी कारणे खरी होती आणि ती मान्य करायला हवीत. डिझेल इंजिन थोड्या वेळात सुरू होते, त्याला पहाटे उठून आग घालावी लागत नाही. पाणी नको, राख नको, उन्हाळ्यात वाळलेल्या जंगलात ठिणग्या उडण्याची भीती नको. वाफेची इंजिने १९०५च्या सुमाराची, मूठभर संख्येची आणि जगावेगळ्या रचनेची. त्यांचे सुटे भाग कुठल्याही भांडारात मिळण्यासारखे नव्हते. देशभरही वारे त्याच दिशेने वाहत होते. चित्तरंजनच्या कारखान्याने १९७० साली शेवटचे ब्रॉडगेज वाफ-इंजिन बांधून त्याला ‘अंतिम सितारा’ असे नाव दिले. दोन वर्षांनी वाफेची इंजिने बांधणेच थांबले.

माथेरानच्या चौघांनी सुमारे तीन पिढ्या काम केल्यावर १९८२च्या आसपास विश्रांती घेतली. विदर्भात ‘शकुंतला’ नावाच्या गाडीच्या रुळांवर वाफ १९९४पर्यंत टिकली, आणि ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची गाडी डिसेंबर १९९५मध्ये पंजाबात शेवटची धावली. म्हणजे माथेरानचा निरोप त्या मानाने लवकर झाला.

चौघांपैकी एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेले, एक इंग्लंडमधल्या हौशी रेल्वेप्रेमींच्या हाती लागले, आणि नेरळला चौथऱ्यावर उभे असलेले इंजिन येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसते. नवे शतक उजाडताना दार्जिलिंगहून ‘बी’ वर्गाचे एक वाफ-इंजिन नेरळला आणण्यात आले, पण त्याची नियमित फेरी रुजली नाही. अलीकडे एका डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचे रूप देण्याचा प्रयोग मध्य रेल्वेने केला. लहान मुलांना तो आवडतो, आणि त्यामागचे प्रेम खरे आहे. पण त्या रूपात जाळ नाही, पाण्याची नळी नाही आणि फायरमनही नाही. वाफेचे सोंग जपले जाते आणि वाफेचे काम विसरले जाते, याची मला मनापासून खंत वाटते.

लोहमार्ग मात्र चिवट निघाला. २००५च्या अतिवृष्टीत तो जागोजागी वाहून गेला, २००७मध्ये शताब्दीच्या वर्षी पुन्हा सुरू झाला. २०१६मध्ये डबे घसरल्यावर गाडी बंद पडली, आणि पुढे डब्यांना हवेच्या दाबाचे ब्रेक बसवून सुरू झाली. २०१९च्या पावसाने पुन्हा तडाखा दिला, तेव्हा नेरळहून वर येणारी गाडी ऑक्टोबर २०२२पर्यंत थांबली. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला हे तीन डोंगरी मार्ग युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत, माथेरान अजून संभाव्य यादीतच आहे. या तिघांच्या तोडीची आखणी आणि इतकी आवळ वळणे असलेल्या मार्गाला ते स्थान मिळायलाच हवे.

हवेचे ब्रेक आले ही चांगली गोष्ट झाली. प्रवाशांचा जीव मनगटांवर सोपवायचे दिवस संपले पाहिजेतच. पण त्याचबरोबर वाफेच्या काळापासून चालत आलेले एक कसब हातातून सुटले. शिट्टीच्या कोणत्या इशाऱ्याला किती आवळायचे, ओल्या रुळावर केव्हा सैल सोडायचे, हे माहीत असलेली माणसे नेरळ-माथेरानच्या घराघरांत आजही आहेत. वाफेच्या इंजिनावर काम केलेले फायरमन आता अतिशय वयस्क असतील. त्यांच्याकडून हे सगळे चित्रफितीवर आणि कागदावर उतरवून घेणे हे रेल्वेचे काम आहे, इतिहासाच्या अभ्यासकांचे आहे आणि माथेरानकरांचेही. दार्जिलिंगला शंभरी ओलांडलेली इंजिने आजही रोज वाफ धरतात, कारण तिथे आग घालायचे शिक्षण एका पिढीकडून दुसरीकडे गेले. नेरळच्या शेडमध्येही एक खरे इंजिन दुरुस्त करून हिवाळ्याच्या काही दिवसांत का होईना, जुम्मापट्टीपर्यंत चालवता येईल. त्यासाठी लोखंड मिळेल, कोळसा मिळेल, पैसाही मिळेल. आग कशी घालायची हे शिकवणारा माणूस तेवढा वेळेत गाठायला हवा, आणि त्यासाठी फार वर्षे हातात नाहीत.